अळणी नवस

घरच्यांपासून ब्लड प्रेशर लपवायचं म्हणून मी सांगितलं, की मी अळणी जेवायचा नवस बोललोय. आमचं घर बौद्ध होतं.

एवढ्यावर ज्यांना सगळं कळलं त्यांनी पुढं वाचलं नाही तरी चालेल. बाकीच्यांसाठी जरा मागून सांगतो. एवढा मोठा मूर्खपणा काही एका दिवसात होत नाही. त्याला तयारी लागते, आणि माझी तयारी चांगली होती.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी पूर्ण्याच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचो. राहायला चुडाव्यात, घरीच. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. वडील रेल्वेत चावीवाले होते. रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या कुठं ढिल्या झाल्यात का ते बघत, हातोड्यानं ठोकत, आपल्या हिश्श्याची लाइन रोज पायी चालायची, हे त्यांचं काम. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते मला मास्तर म्हणायचे. मला नोकरी लागली त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव घेणंच सोडलं होतं. पाणी मागायचं तरी "मास्तर, तांब्या द्या जरा." ओसरीवर कुणी बसलेलं असलं की आवाज थोडा मोठा.

माझं डोकं दुखायचं. मागून, मानेच्या वरच्या बाजूला. वर्गात नकाशा टांगायला हात वर केले की ठणका सुरू. ऊन, चष्म्याचा नंबर, सातवी ब, अशी कारणं मी पाळीपाळीनं स्वतःला देऊन बघितली. शेवटी पूर्ण्यातल्या एका डॉक्टरकडं गेलो. निजामाच्या काळापासून दवाखाना चालवणारे म्हातारे गृहस्थ. त्यांनी दंडाला पट्टी गुंडाळली, रबरी फुगा दाबला, पारा बघितला. पट्टी सोडली, परत गुंडाळली. मग दुसऱ्या दंडाला. तिसरा दंड नाही म्हणून थांबले असावेत.

"उमर क्या बोले?"

"सव्वीस."

"खाते क्या?"

"भाकर. दुष्काळात रेशनच्या लाल मिलो ज्वारीची."

"मिलो खाके इत्ता प्रेशर?" ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "मियाँ, ये तो सेठ लोगों की बीमारी है. तुमको किसने दी?"

मी हसलो. तेही हसले. मग त्यांनी हसणं असं मिटवून ठेवलं, जसा चष्मा डबीत ठेवावा. हा आजार आवाज करत नाही, म्हणाले. डोकं दुखतंय हे तुझं नशीब, पुष्कळांचं तेही दुखत नाही, आणि एक दिवस मेंदूतली नस जाते नाहीतर गुर्दे जातात. रोज गोळ्या घ्यायच्या. मीठ बंद. डोकं थांबलं म्हणून गोळी थांबवायची नाही. दर महिन्याला येऊन दंड दाखवायचा.

"कित्ते दिन?" मीही त्यांच्याच भाषेत विचारलं.

"जित्ते दिन जीना है."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझ्या डोक्यात मरण आलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. सेलू आलं.

सेलूत माझी सोयरीक जमत आली होती. मुलीचे वडील तिथल्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या काट्यावर मोजायचे. मुलगी मॅट्रिक झालेली. बघायला गेलो तेव्हा तिनं चहा ठेवला आणि खाली बघण्याऐवजी सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "तुम्ही काय शिकवता?" मी म्हणालो, भूगोल. तिनं मान हलवली, जणू ते पुढं कधीतरी तपासून बघायचं तिनं ठरवून टाकलं. मला ती त्या मानेच्या हलण्यासाठीच आवडली होती. ज्वारीची रास झाली की तारीख धरायची, इतपत बोलणं झालं होतं. आता जन्मभर गोळ्या खाणाऱ्या पोराला मुलगी कोण देतो? आमच्याकडं एखाद्याला रोगी म्हटलं की तो शब्द माणसाला आडनावासारखा चिकटतो. तेव्हा ठरवलं, लग्नापर्यंत गप्प राहायचं. लग्नानंतर एक दिवस तिच्यासमोरच डोकं धरायचं, तिच्याबरोबरच दवाखान्यात जायचं, आणि आजार ऐकून आश्चर्यानं खाली बसायचं. कसं बसायचं तेही मी मनात बसवलं होतं.

गोळ्या मी खडूच्या डब्यात ठेवल्या. दोन तऱ्हेच्या होत्या. एकीनं नाक चोंदायचं आणि सुस्ती यायची, दुसरीनं सारखी लघवी लागायची. त्या वर्षी मी मुलांना महाराष्ट्रातल्या नद्या जितक्या कसून शिकवल्या तितक्या कुणीच शिकवल्या नसतील. "गोदावरीच्या उपनद्या नकाशात शोधा," म्हणायचं आणि मागच्या दारानं पळायचं. परत येईपर्यंत पोरांनी गोदावरी समुद्रापर्यंत पोचवलेली असायची. गाडीत तर मी दाराशीच उभा राहायचो. स्टेशन यायच्या आधी उतरायची माझी घाई बघून लोकांना वाटायचं, मास्तरला शाळेची लय ओढ आहे. आणि चोंदलेल्या नाकानं घरी बोलायला लागलो की माय तोंडाकडं बघायची. पोरगं कुठंतरी जाऊन रडून येतंय, असं तिनं धरलं होतं.

गोळ्या लपल्या. मीठ काही लपेना.

थोरला भाऊ नांदेडला मिलमध्ये कामाला होता, तो सुट्टीपुरता यायचा. घरात आबा, माय, वहिनी आणि मी. स्वयंपाक वहिनीच्या हाती. मी कालवण बाजूला सारायचो, ठेच्याला बोट लावायचो नाही, भाकर पाण्यात नाहीतर दुधात कुस्करून उठायचो. वहिनीनं काही दिवस बघितलं आणि एका सकाळी ताटासमोरच येऊन बसली.

"भावजी, माझ्या हातचं आता गोड लागंना का?"

"तसं न्हाई, वहिनी."

"मंग कामून बाजूला सारायलाव? कालबी तसंच, परवाबी तसंच. तुमचे भाऊ आले की इचारतेच त्यायला, माझं काय चुकायलंय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला घाई झाली. बायामाणसांनी ऐकून पुढं काही विचारू नये असं एखादं कारण हवं होतं. लहानपणी शेजारपाजारच्या घरांत ऐकलेलं आठवलं, की अमकीनं अळणी धरलंय, तमकीनं नवस बोललाय. तिथं कुणी जास्त विचारत नसत, हे तेवढं ध्यानात राहिलेलं.

"नवस बोललोय," मी म्हणालो. "लग्न होईपर्यंत अळणी खायचं."

ते वाक्य सुचलं तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

वहिनीनं तोंडावर हात ठेवला. "आबाला म्हाईत हाय?"

"न्हाई. सांगू नका."

तिनं शब्द पाळला. आबांना नाही सांगितलं. मायला सांगितलं. मायनं आबांना सांगितलं.

इथं आबांबद्दल एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी ते स्वतः कधी सांगत नसत, माय सांगायची. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा त्यांनी घरातले सगळे देव एका घमेल्यात भरले आणि नदीत नेऊन सोडले. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो. माय बरोबर गेली होती. देव सोडताना तिनं डोळे मिटून घेतले, पण आबांनी एकेक बघून सोडला, म्हणायची. येताना त्याच घमेल्यातून तिनं भांडी घासायला वाळू आणली. तेव्हापासून आमच्या घरी भिंतीवर तथागताची एक तसबीर आणि कोनाड्यात पणती. बाकी कोणाचं काही नाही. वस्तीत पत्र्याचं छोटं विहार होतं. तिथं दर पौर्णिमेला आबा सगळ्यांच्या पुढं बसून वंदना म्हणायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. सगळं कानानं शिकलेलं. पण सगळी वस्ती त्यांच्या मागून म्हणायची, वाचता येणारेसुद्धा, मीसुद्धा.

त्या संध्याकाळी मी गाडीतून उतरून घरी आलो तर आबा अंगणात हातोड्याच्या दांड्याला पाचर बसवत होते.

"कोणाला बोललास?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मास्तर म्हणाले नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं. दुसरी गोष्ट ध्यानात आली ती अशी, की नवस बोलायला देव लागतो आणि मी तो ठरवलाच नव्हता. मनानं मी घाईघाईनं गाडीच्या खिडकीतून बाहेर बघितलं. रोज दिसणारा एक लाल दगड आठवला.

"गेटाच्या पलीकडं म्हसोबा आहे ना. त्याला."

"कोण्या गेटाच्या?"

"आपल्याच. लाइनीच्या कडंला, बाभळीखाली. शेंदूर लावलेला."

आबांनी हातोडा खाली ठेवला. 

"त्यो हद्दीचा दगड हाय," ते म्हणाले. "रेल्वेची जमीन कुठवर ते कळाया पुरलेला. शेंदूर न्हाई, गेरू हाय. साहेबाची ट्रॉली यायची व्हती तवा म्याच फासला."

इथं मी खरं बोललो असतो तर सगळं त्या अंगणातच संपलं असतं. दोघं हसलो असतो. पण तोंडाशी आलेली सोयरीक दिसत होती, आणि खोटं बोलणाऱ्या माणसाला माघार घेताना जी लाज वाटते ती पुढं जाताना वाटत नाही. मी म्हणालो, "श्रद्धा असली म्हणजे झालं. दगड कोणता का असंना."

असली वाक्यं माझ्यात कुठून येतात मला माहीत नाही. आबा उठले आणि आत गेले. जेवताना बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तांब्या लागला तर स्वतः उठून घ्यायला लागले.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. वहिनीनं नवसाची गोष्ट पाणी भरताना एकीलाच सांगितली होती, तिच्या म्हणण्याप्रमाणं. थोड्याच दिवसांत त्या दगडावर हळदकुंकू दिसलं. मग झेंडूची फुलं. मग कुणीतरी नारळ फोडून अर्धी वाटी ठेवलेली. हायस्कुलाच्या मास्तरनं नवस बोललाय म्हणजे त्या जागेत काहीतरी असणार, असा गावातल्या भाबड्या माणसांचा हिशोब. नकाशावर नसलेलं एक देवस्थान मी, एका भूगोलाच्या शिक्षकानं, स्थापन केलं होतं.

आणि आबांना तिथून रोज जावं लागायचं. त्यांच्याच हिश्श्यातला दगड. एका सकाळी गाडीच्या दारातून मी त्यांना बघितलं. डब्यातलं पाणी ओतून ते दगड धूत होते. फुलं बाजूला काढून बाभळीच्या बुडाशी ठेवलेली, फेकलेली नव्हती. हद्दीचा दगड ओळखू आला पाहिजे, हा रेल्वेचा नियम, म्हणून त्यांनी त्यावर गेरूचा नवा हात दिला. पण गेरू जितका ताजा तितकी लोकांची भक्ती ताजी. दुसऱ्या दिवशी दुप्पट फुलं. ज्या माणसानं घरचे देव नदीत सोडले होते, त्याच्याच हातून, त्याच्याच पोराच्या कृपेनं, गावाला नवा देव मिळत होता. गाडी पुढं गेली. मी हात केला नाही. त्यांनीही गाडीकडं बघितलं नाही, आणि चावीवाला जाणाऱ्या गाडीकडं बघत नाही असं कधी होत नाही.

मग पौर्णिमा आली. विहारात सगळे जमले. आबा आले आणि दाराजवळ, चपला काढतात तिथं बसले.

"पुढं या की," कुणीतरी म्हणालं.

"बसलो हितं."

"अवो, वंदना कोण म्हणंल?"

"म्हणंल कोणीबी. ज्याच्या घरात नवस चालायलेत त्यानं पुढं बसून लोकायला काय सांगावं?"

कुणी माझ्याकडं बघितलं नाही. सगळ्यांनी मिळून बघितलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. दुसऱ्या एकानं वंदना सुरू केली. तो मध्ये अडखळला. मी मागं वळून बघितलं, आबांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. चौथ्या शीलाला, खोटं बोलणार नाही म्हणतात तिथं, मी चोंदलेल्या नाकानं काहीतरी पुटपुटलो. त्या दिवशी पहिल्यांदा मला नीट दिसलं की सोयरिकीसाठी मी जे खर्च करत होतो ते माझं नव्हतंच. आबांनी चपलांजवळ बसून माझं लग्न सांभाळायचं होतं, आणि ते त्यांना माहीतही नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच सुचली, ती आधी सुचली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. सेलूचे व्याही आबांच्याच जातकुळीचे, म्हणजे धम्माच्या बाबतीत तसलेच कडक. त्यांनी आजारी जावई एक वेळ पत्करला असता. नवस बोलणारा कधीच पत्करला नसता. आणि सेलू आमच्याच लाइनीवर. गँगची माणसं, गार्ड, पोर्टर, यांच्या तोंडून बातमी गाडीच्या आधी पोचते. सोयरीक वाचवायला मी नेमकं तेच कारण काढलं होतं ज्यानं ती नक्की मोडावी.

कुणालाही वाटेल, आता तरी हा खरं बोलेल. मी मीठ खायचं ठरवलं.

नवस मोडलेला सगळ्यांना दिसला की आबा परत पुढं बसतील, सेलूला बातमी गेलीच तर मोडल्याचीही जाईल, आणि प्रेशरचं कुणाला कळणारही नाही. एका दगडात सगळंच. त्या रविवारी मी आबांच्या समोर पाट मांडून बसलो. सुकटीची चटणी मागितली, ठेचा मागितला, पापड मागितला, वर चिमूटभर मीठ.

"भावजी, नवस?" वहिनीचा हात चटणीच्या वाडग्यातच थांबला.

"मोडला. देव-बिव काही नसतं."

आबा खाली बघून जेवत राहिले. पण त्यांनी आणखी अर्धी भाकर घेतली. मला तेवढं पुरलं. त्यानंतर मी रोज खाल्लं, दिसेल असं, आवाज होईल असं. पापड मोडताना शेजारच्या घरी ऐकू जाईल याची काळजी घेतली. गोळ्याही सोडल्या. डोकं थांबलेलं होतं, नाक मोकळं झालं की माय संशयानं बघणार नाही, आणि सेलूकरांसमोर पेंगून चालणार नव्हतं. डॉक्टरनं जे जे करू नको म्हणून बजावलं होतं, ते मी एकही न वगळता केलं. वर्गात पोरांनी माझं इतकं ऐकलं असतं तर सगळे पहिल्या वर्गात पास झाले असते.

पुढच्या पौर्णिमेला मी पांढरा सदरा घालून विहारात पहिल्या रांगेत बसलो. आबा परत दाराशी बसले होते. मी त्यांना म्हणालो होतो, आता नवस नाही, पुढं बसा. ते म्हणाले होते, "बघू." त्या बघूमध्ये, मला वाटतं, ते माझ्याच तोंडून आणखी काहीतरी निघायची वाट बघत होते.

वंदना सुरू झाली आणि माझ्या ओठावर काहीतरी कोमट आलं. सर्दी समजून बाहीनं पुसलं. बाही लाल. मग सदरा, मग सतरंजी. "घोळणा फुटला, घोळणा फुटला," करत माणसं उठली. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी डोक्यावर पाणी ओतलं. थांबेना. मागून दोन हात आले आणि त्यांनी माझं डोकं धरलं. हातोड्यानं घट्टे पडलेले ते हात मी न बघता ओळखले.

"गाडी हाय आता पूर्ण्याची," आबा म्हणाले. "चला."

डॉक्टरनं नाकात कापसाचा बोळा बसवला, दंडाला पट्टी गुंडाळली, पारा बघितला. या वेळी एकदाच.

"गोलियाँ?"

मी सदऱ्यावरचे डाग मोजले.

"नमक?"

मी आबांकडं बघितलं. आबांनी प्रामाणिकपणं सांगितलं, "मीठ लय खायलाय, साहेब. म्हिनाभर झाला. नवस मोडला तवापासून."

"कैसा नवस? नमक तो मैं बंद कराया था."

आबा काही क्षण तसेच उभे राहिले. ढिली चावी सापडली की ते असे थांबायचे.

"म्हंजी मीठ तुमी सोडाय लावलं व्हतं?"

"और कौन?"

"म्हसोबानं न्हाई?"

"कौन म्हसोबा?"

आबा हसायला लागले. असे हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. डोक्यावरचा रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले. "पोराला रोग हाय," ते म्हणाले, एखाद्यानं पोरगं पास झालंय सांगावं तसं. "नुसता रोग हाय." डॉक्टर एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिले. मग आबांचं हसणं आपोआप कमी झालं, आणि त्यांनी रुमाल मांडीवर ठेवून वेगळ्याच आवाजात विचारलं, "जिवाला काय धोका हाय का?"

"रोज गोली खाया तो मेरे से जादा जियेगा," डॉक्टर म्हणाले. "नै खाया तो तुमारे पहले जायेगा."

आबांनी मान हलवली. फार हळू.

परतीच्या गाडीला वेळ होता. पूर्ण्याच्या फलाटावर आम्ही बाकावर बसलो. माझ्या नाकात बोळा, सदऱ्यावर रक्त. येणारेजाणारे बघत होते. आबा समोरच्या रुळांकडं बघत होते.

"लपवलं कामून?"

"सोयरीक मोडंल म्हणून."

"आन् नवसानं मोडली नसती?"

मी नाकातला बोळा चाचपला. 

"म्या रोज त्यो दगड धुवायलो," ते म्हणाले. "मला वाटलं, आपल्यानं कायतरी राहून गेलं. पोराला शिकवलं, पर समजून सांगाया ईळ भेटला न्हाई. लाइनीवरच हयात गेली. म्हणून ते मागचं समदं त्याच्यात परत आलं." मग म्हणाले, "दोन म्हिने झोप न्हाई मला."

बोळ्याचं निमित्त होतं म्हणून बरं, मी रुमाल तोंडावर धरून बसलो. गोळ्या मी माझ्यासाठी घ्यायच्या आहेत असं मी तोवर धरून चाललो होतो. घेतल्या तर माझ्या, सोडल्या तर माझ्या. रक्तदाब ही आपल्याच अंगातली गोष्ट, तिच्याशी दुसऱ्याला काय करायचंय, असं सव्विसाव्या वर्षी वाटतं. पण माझ्या दंडावरचा पारा चढला तेव्हा झोप त्यांची गेली होती. त्या बाकावर ते कळलं. पुरतं कळलं असं नाही म्हणत, मी काही एका फलाटावर सुधारणारा माणूस नाही. पण त्या दिवसापासून गोळी चुकवली तर ती चुकवलीय हे मला कळायला लागलं.

गाडी आली. आबा उठले. "मास्तर, उठा," म्हणाले. "आता येत्या आयतवारी सेलूला जायचं."

"कशाला?"

"सांगाया. म्या सांगतो. तुमी बोलू नका. तुमी बोललात की कुठला तरी दगड काढता."

रविवारी आम्ही सेलूला गेलो. आधी बघायला गेलो होतो त्याच बैठकीत बसलो. मुलीचे वडील समोर. आतल्या दाराशी मुलगी उभी होती, पदराआड नाही, चौकटीला टेकून. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, गोळ्या, जन्मभर, मीठ बंद. मग नवस. मग म्हसोबा. मग हद्दीचा दगड, गेरू, हळदकुंकू, नारळाची वाटी. काही गाळलं नाही. "पोरगं रोगी हाय, ते आधी सांगायला पायजे व्हतं, न्हाई सांगितलं," ते म्हणाले. "पर नवस बोललेला न्हाई. तेवढं खोटं हाय. तुमाला पटलं तर पटलं, न्हाई तर आमी चहा घिऊन उठतो. आपली वळख ऱ्हाईल."

मुलीच्या वडिलांनी सुपारी कातरायला घेतली. काट्यावर दिवस घालवलेला माणूस. दोन्ही पारडी थांबल्याशिवाय त्यांनी कधी वजन सांगितलं नसावं. शेवटी त्यांनी दाराकडं मान वळवली.

"ऐकलंस नव्हं? तुझ्या जल्माचा सवाल हाय. तूच बोल."

मी खाली बघत होतो. माझ्या मानेत ठणका सुरू झाला होता, आणि त्या दिवशीची गोळी मी घेतलेली होती. रोगी या शब्दाची वाट बघत होतो.

ती आधी आबांशी बोलली. "मिठाचं मी बघीन, मामा. अळणी रांधायला काय लागतं? गोळीचंबी बघीन. आजार काय कुणी मागून घेत न्हाई."

मग तिनं माझ्याकडं बघितलं, पहिल्या वेळी बघितलं होतं तसंच सरळ.

"पर ज्याला हद्दीचा दगड वळखू येत न्हाई," ती म्हणाली, "त्याला शाळंत भूगोल शिकवायला कुणी ठिवलं?"